नाल्यावरच्या आंब्याला गेरू

मंजुळाबाईंची मिरची कांडायची गिरणी पिंपळनेरच्या अलीकडच्या एका गावात आहे. मसाल्यातलं दगडफूल हे फूलबिल काही नसून झाडाखडकावर वाढणारा जीव आहे, हे त्यांना पन्नाशीत कळलं आणि तेव्हापासून बाईचं डोकं फिरलं, असं गाव म्हणतं. गावाला काय, दुसऱ्याचं डोकं फिरलेलं लगेच दिसतं! घड्याळजीचं जुनं भिंग मोबाइलवर रबराने बांधायचं आणि दुपारी गिरणी बंद झाली की खडकांना, विहिरीच्या पायऱ्यांना, झाडांच्या सालींना नाक लावून उभं राहायचं, हा त्यांचा नेम.

त्यातही नाल्यावरच्या जुन्या आंब्याच्या सालीवरचा, दगडफुलाच्याच जातीचा एक ठिपका त्यांचा जीव की प्राण. तळहाताएवढा, राखी-हिरवा, वर मोहरीएवढ्या नारिंगी वाट्या आणि त्यांना काळी कड. चार वर्षं दर महिन्याला त्याचा फोटो. चार वर्षांत तो नखभर वाढला होता.

धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या हेमांगी मॅडम मसाला कांडायला आल्या, तेव्हा चार्जिंगला लावलेल्या मोबाइलवर त्यांना त्या ठिपक्याचा फोटो दिसला. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "असं मी आपल्याकडे कधी पाहिलं नाही. खरवडून आणू नका हं, झाडावरच बघायला हवं. शुक्रवारी येते."

मंजुळाबाई त्या दिवशी हरखून भाकरही विसरल्या. उपसरपंच प्रेमराजला त्यांनी एवढंच सांगितलं, "शुक्रवारले धुळानी मॅडम येई राहिनी, नालावरना आंबा देखाले. वाटवरना काटा तेवढा तोडी टाक."

इथेच चूक झाली. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी गेरूची बादली निघते. मग तो साहेब असो की जावई. झाडाला कमरेपर्यंत गेरू, वर चुन्याचा पट्टा. एवढंही केलं नाही तर गावाची अब्रू गेली!

शुक्रवारी सकाळी मंजुळाबाई आंब्याजवळ पोचल्या. प्रेमराजने चार माणसं लावून बुंधा सोड्याच्या पाण्याने धुतला होता, तारेच्या ब्रशने घासला होता आणि पुरुषभर उंच गेरू फासला होता. ठिपक्याच्या जागी चुन्याने लिहिलं होतं, 'सुस्वागतम्'. प्रेमराज झेंडूचा हार घेऊन हसत उभा होता.

तेवढ्यात मॅडमची गाडी आली. त्यांनी झाड पाहिलं, हार घेतला, नारळ घेतला आणि हळूच म्हणाल्या, "छान रंगवलंय."

मंजुळाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "छान? मॅडम, तुम्ही शिकेल मानसं, तुम्हीबी खोटं बोलतस?" मग त्या प्रेमराजकडे वळल्या. "आणि तू रे! पाव्हनीले काय आवडी, हाई सारा बठ्ठा गावले इचारं. माले एक सबद इचारा का? तुन्हा आजा जलमना नव्हता तैन्हपासून व्हतं ते आठे. एका सकाळमा घासी टाकं!"

"काय घासं अक्का?" प्रेमराज खरोखरच गोंधळला होता. "सालवर बुरशी व्हती, ती काढी. तू चार वरीस फोटो काढतस. कधी कोनले दखाडात का?"

मंजुळाबाईंनी ते खरंच कुणाला नव्हते दाखवले. झाडाशी बोलते म्हणून बाया हसल्या होत्या, त्या रागात त्यांनी मोबाइल पदराखाली घातला तो घातलाच. या अडाण्यांना काय कळणार, असं त्या स्वतःशी म्हणत आल्या होत्या. आता त्यांना प्रेमराजचा राग आला, मॅडमचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

त्यांनी मोबाइल काढला आणि फोटो मोठा करून प्रेमराजच्या नाकासमोर धरला. "देख."

प्रेमराज वाकला. नारिंगी वाट्यांवरून त्याने बोट फिरवलं तसा फोटो सरकला आणि मागच्या महिन्याचा आला, मग त्याच्या मागचा. त्याचं हसू कधीच मावळलं होतं.

"हाई..." तो म्हणाला, "हाई मी घासी टाकं?"

मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या, फोटो तर आहेत."

"नही," मंजुळाबाई म्हणाल्या. "जाऊ द्यानं नही. हाईच घासं तू, प्रेमराज. बठ्ठं देख. चार वरीसनं देख."