सचिवसाहेबांनी भेट दिलेला ससा

आमच्या स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं की भूगोलाचे सर म्हणतात, "झालं, मॅडमचा ससा सुटला!"

सुटणारच! मी देवळाली प्रवरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत एकच ससा होता तेव्हा तीन वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. दुसरा आला आणि तीन महिन्यांत एवढं साठलं, की आजही सांगताना माझा आवाज चढतो.

*

पहिली आमची साय. पांढरीशुभ्र मादी, प्रयोगशाळेच्या मागच्या पिंजऱ्यात राहणारी. तिला सोबत हवी, असं मुख्याध्यापकांना एकदा मीच बोलून बसले.

पुढे संस्थेच्या सचिवसाहेबांचा वाढदिवस आला. त्यांनी शाळेला भेट म्हणून घोडेगावच्या बाजारातून तांबूस ससा आणला, गळ्यात रिबन बांधून! अनोळखी ससे एकदम एकत्र सोडायचे नसतात, हे मी सांगेपर्यंत मुख्याध्यापकांनी फोटोसाठी तो सायच्या पिंजऱ्यात ठेवलासुद्धा.

पुढच्या क्षणी पिंजऱ्यात नुसते केस उडत होते. आमच्या सेविका हौसाबाईंनी मध्ये केरसुणी घातली म्हणून दोघं वेगळे झाले. नव्याचा कान फाटला होता.

"सर, ससा म्हणजे काय शाल-श्रीफळ आहे? दिला आणि ठेवला?" मी ओरडले.

मुख्याध्यापक मोबाईलकडे बघत म्हणाले, "मॅडम, फोटो मात्र झकास आलाय!"

दुपारी तो फोटो शाळेच्या ग्रुपवर. पुढे साहेब हसतायत, मागे पिंजऱ्यात रणकंदन. खाली ओळ : 'नव्या मित्राचे शाळेत स्वागत'.

*

नव्याने खाणं सोडलं. सशाचं पोट दिवसभर रिकामं राहिलं तरी जिवावर बेततं. मी त्याला खोक्यात घालून केडगावच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. निघताना मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "मादी आहे म्हणून सांगा. साहेबांनी स्वतः बघून घेतलीय."

डॉक्टरबाईंनी ससा उलटा धरला आणि मला विचारलं, "कोणी बघून घेतलीय म्हणालात?"

नर होता! कान बरा झाला की नसबंदी, मग महिनाभर दोघांना वेगळं ठेवायचं, आणि नंतरच ओळख, असं त्यांनी सांगितलं.

नसबंदीच्या दिवशी रजा हवी म्हणून मी अर्ज दिला, खरं कारण लिहून. तो परत आला. वर शेरा : 'सदर कारण ग्राह्य नाही.' माझं डोकं असं सणकलं! तिथंच उभं राहून दुसरा अर्ज लिहिला : 'सचिवसाहेबांनी भेट दिलेल्या मादीची नसबंदी करणे आहे.'

पहिला शब्द वाचूनच सही झाली.

*

मुलांनी त्याचं नाव गूळ ठेवलं. आता दोन पिंजरे शेजारी, मध्ये हातभर अंतर. सायच्या अंगाखालचा टॉवेल गूळला द्यायचा, गूळचा सायला. म्हणजे वासाची ओळख होते. पंधरा दिवस मी हे नेमाने केलं. सोळाव्या दिवशी टॉवेल गायब!

शोधत गेले, तर स्टाफरूममध्ये चित्रकलेचे सर त्याने तोंड पुसत होते. मला म्हणाले, "मॅडम, ह्याला कसला तरी वास येतोय ओ."

"येणारच! वासासाठीच ठेवलाय तो!" मी तो त्यांच्या हातातून हिसकावला. टर्पेंटाइनने भिजला होता. पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात.

हौसाबाई म्हणाल्या, "आता सायची दोस्ती सरांशीच हुती का काय!"

स्टाफरूम हसली. मी नाही हसले.

*

पण खरा राग आला तो खेळाच्या सरांचा. "फार लाड करताय मॅडम. मैदानात सोडा दोघांना, काय ते मिटू दे एकदा!" असं ते रोज म्हणायचे. आणि एके दिवशी, मी नववीच्या वर्गात असताना, त्यांनी खरंच सोडलं!

खिडकीतून बघते तर खो-खोच्या खांबाभोवती गूळ जीव घेऊन पळतोय, मागे साय. खडू टाकून मी धावले. हौसाबाईंनी सायवर घमेलं पालथं घातलं.

"थांबायचं ना दोन मिनिटं, कोण भारी ते ठरलं असतं," सर म्हणाले.

"चला, आधी तुमचं आणि माझं ठरवू!"

खिडकीतून अख्ख्या नववीने टाळ्या वाजवल्या. पण माझ्या हातात गूळचं काळीज असं धडधडत होतं, की प्रयोगशाळेत जाऊन मला रडू फुटलं. मुख्याध्यापक दारातून सांगून गेले, "सत्र संपेपर्यंत जमलं नाही तर ह्याला घोडेगावला नेऊन विकू."

हौसाबाई म्हणाल्या, "मॅडम, रडू नगा. त्यो खातोय बगा."

*

ओळख अशा जागी करायची, जिथे दोघांपैकी कोणाचाच हक्क नाही. साय शाळाभर हिंडलेली. एकच खोली राहिली होती : मुख्याध्यापकांची केबिन!

मागितली असती तर मिळाली नसती. ते राउंडला गेले की हौसाबाई दार उघडायच्या. रोज दहा मिनिटं. पहिल्या आठवड्यात फिसकारणं, दुसऱ्यात एकमेकांकडे पाठ. तिसऱ्यात मी टेबलाखाली बसलेली असताना दार उघडलं. मुख्याध्यापक, आणि सोबत सफारीतले सचिवसाहेब!

"मॅडम, हे काय चाललं—"

"श्श! आवाज नको. बसा खाली!"

माझा चेहरा बघून दोघंही फरशीवर बसले.

साय पुढे आली. गूळसमोर तिने मान खाली घातली आणि थांबली. आता त्याने चाटलं तर दोस्ती, नाहीतर पुन्हा केस. गूळ हलेना. मुख्याध्यापक गुडघ्यांवर पुढे सरकले. मग त्याने हळूच तिचं कपाळ चाटायला सुरुवात केली.

तेवढ्यात सचिवसाहेबांचा मोबाईल खणखणला. सायचे कान ताठ!

साहेबांसमोर सोळा वर्षांत ज्यांनी कधी खुर्चीला पाठ टेकली नव्हती, ते आमचे मुख्याध्यापक मान न वळवता म्हणाले, "ओ, बंद करा ते डबडं!"

साहेबांनी मुकाट्याने बंद केलं.