वेचून टाकलेला खडक

मी समुद्र पाहिलेला नाही. तरी गेली काही वर्षं किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या आमच्या गोरेगावात दोन खोल्यांत बसून त्याच्या तळाचे नकाशे साफ करतो. बोट खाली आवाज सोडते, तो तळावर आपटून परत येतो आणि त्यावरून खोलीचे असंख्य ठिपके माझ्या पडद्यावर उतरतात. मासे, बुडबुडे यांच्यामुळे आलेले खोटे ठिपके काढून टाकायचे, हे माझं काम.

यंदाच्या नकाशावरून मासेमारीची जाळी तळावरून ओढायला बंदी असलेली हद्द ठरणार होती. एका सपाट पट्ट्यात काही सुटे, उंच ठिपके विखुरले होते. अशा वेळी बोटीच्या शेजारच्या फेरीतही ते दिसतात का, ते पाहायचं. दिसले तर खडक. मी पाहिलं नाही, सरळ काढून टाकले. थकलो होतो, हे खरं. पण हात सवयीने चालला, हेही खरं. पेरणीआधी रानातले दगड वेचायचे, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पट्टा गुळगुळीत झाला तेव्हा मला बरंच वाटलं.

उन्हाळ्यात गावी, साखऱ्याला गेलो. आईसोबत रान वेचताना तिने माझं टोपलं पाहिलं.

"समदेच काहून येचून राहिला? बारके राहू दे. त्याच्या खाली ओल ऱ्हाती, किडामुंगी जगती."

"तूच तर वेचायला लावायचीस."

"मोठे म्हनले होते, फाळाला लागनारे. समुद्राचं काम करतो म्हनं, अन् एवढं कळंना!"

ती हसली. मला हसू आलं नाही.

परतल्यावर मूळ ठिपके उघडले. शेजारच्या फेरीतही ते बरोबर त्याच जागी होते. खडकच. अशाच आडोशाला मासे अंडी घालतात, आणि सपाट दिसल्यामुळे तो पट्टा बंदीच्या हद्दीबाहेर गेला होता.

दोन दिवस दुसरेच पट्टे साफ करत राहिलो. कोणाला कळलंही नसतं. तिसऱ्या दिवशी आमच्या प्रमुख बाईंना फोन केला.

"हद्दीचा नकाशा बैठकीत वाटून झालाय हो," त्या म्हणाल्या. "आता दुरुस्ती पुढच्या बैठकीत. कारण काय लिहू?"

"न तपासता मी खडक काढून टाकला, असं लिहा."

पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. मी एकेक ठिपका जागेवर ठेवतो आहे. तोवर त्या खडकावरून किती जाळी ओढली जातील, हे बाईंना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.