सातवीच्या पुढे

शाळा सातवीपर्यंतच होती, आणि डोंगरातल्या बंदूकवाल्यांशी गावाचा जो अलिखित करार होता, तोही तिथवरच. गावात त्यांना 'वरचे' म्हणत. एकदा त्यांनी भर वर्गातून मुले उचलून नेली, तेव्हा साऱ्या बाजाराने दुकानांच्या फळ्या लावून घेतल्या. वरच्यांना मीठसुद्धा मिळेना. तेव्हापासून पटावरच्या मुलांना ते हात लावीत नसत. सातवी पास झालेले मूल मात्र त्यांच्या लेखी मोठे माणूस. मुलगा असो वा मुलगी, निकालापाठोपाठ 'वर पाठवा' असा घरी निरोप येई.

सातवीच्या बाईंनी यावर एक उपाय काढला होता. त्या मुलांना नापास करीत.

बरोबर उत्तरावर लाल रेघ ओढताना सुरुवातीला त्यांचा हात अडखळे; पुढे तो सरावला. हेडसर काणाडोळा करून सही करीत. निकालाच्या दिवशी आईबाप वर्गाबाहेर ताटकळत, आणि 'नापास' हा शब्द कानी पडला की त्यांच्या जिवात जीव येई. मागच्या बाकांवर मिसरूड फुटलेली मुले गुडघे दुमडून बसत आणि तेच ते त्रैराशिक पुन्हा सोडवीत. याला शिक्षण म्हणावे, असे बाईंना वाटत नव्हते. पण मूल जगले तर पुढे कधीतरी शिकेल, एवढ्या आधारावर त्या रेटत होत्या.

वादात कुणाला हार न जाणाऱ्या एका मुलीला वर्ग 'वकील' म्हणे. गणितात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. बाईंनी तिलाही दुसऱ्यांदा नापास केले, त्या दिवशी वर्ग रिकामा होईपर्यंत ती जागची हलली नाही.

"बाई, शेवटचं गणित का चुकलं?"

"पायऱ्या नीट नाहीत."

"फळ्यावर तुम्हीच या पायऱ्या लिहिल्या होत्या."

बाई डस्टर झटकत राहिल्या.

"तुम्ही का करता ते ठाऊक आहे मला. आई तर म्हणते, बाईंच्या पाया पड. पण मी इथेच म्हातारी व्हायचं का? मागच्या बाकावरचा दादा उद्या दप्तरातून दाढीचं सामान आणेल."

"थट्टा पुरे, पोरी. इथे आहेस तोवर तुला कुणी नेणार नाही."

"नेत नाहीत. बोलावतात. वरच्यांची एक बाई नळावर भेटते. म्हणते, नकाशा वाचायला शिकवू, वायरलेस शिकवू. वर्षभरात तुकडी तुझ्या हाताखाली."

बाईंचा हात थांबला. "मग, काय म्हणालीस?"

"म्हटलं, निकाल लागू दे."

बाई खुर्चीत बसल्या. दार राखण्याच्या नादात आपण आत जे शिकवायचे तेच शिकवायचे थांबवले होते, आणि नेमके तेच हेरून कुणी नळावर उभे होते. हिला पास केले तर निरोप येणार. नापास ठेवले तर ही आपल्या पायांनी जाणार.

"उद्या ये," त्या अखेर म्हणाल्या. "आठवीचं बीजगणित सुरू करू. पटावर तू सातवीतच."

"आणि आठवी संपल्यावर?"

"नववी."

"तुम्हाला येते नववी?"

"सगळी नाही."

वकिलाने दप्तर खांद्याला लावले. "बघते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बहिणीचे जुने पुस्तक आणले. त्याची मागची पाने कधीच गळून गेली होती. फळ्यावर समीकरण लिहिताना त्यांचे निम्मे लक्ष दाराकडे होते. मुलगी उशिरा आली, पहिल्या बाकावर बसली, आणि मागची मुले वहीची पाने उलटतात न उलटतात तोच तिने उत्तर सांगितले.

"पुढचं द्या, बाई."

बाईंनी पुढचे लिहिले. त्याच्या पुढचेही त्यांना येत होते. त्यानंतरचे मात्र त्यांना स्वतःलाच आधी शिकावे लागणार होते. खिडकीतून फाटकापलीकडचा नळ दिसत होता. रांग केव्हाच संपली होती. एक बाई मात्र भरलेल्या घागरीशेजारी अजून उभी होती. घागर उचलायची तिला काही घाई नव्हती.