चित्र चालू, आवाज बंद
तापलेल्या हॅलोजनवर धूळ जळाल्याचा वास आला की लोहा गावच्या केबल चॅनलचा तो एका खोलीचा स्टुडिओ आठवतो. मी तिथं सातच्या बातम्या वाचायचे. आमच्या वस्तीच्या नळाला महिनाभर पाणी नव्हतं. ती बातमी मालकानं काढून टाकली, कारण त्या दिवशी एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता आणि पडद्याच्या खालच्या कडेनं शुभेच्छांची पट्टी सरकत होती. मी कागद बाजूला सारला आणि कॅमेऱ्याकडे बघून पाण्याचं सगळं सांगितलं, पाच मिनिटं, न थांबता. उठले तेव्हा ऑपरेटर मान खाली घालून म्हणाला, "ताई, मालकाचा फोन आलता. आवाज कवाच बंद करून गाणं लावलंय. पट्टी दिसायला पाहिजे म्हणून चित्र तेवढं ठिवलं." तेवढ्यात वस्तीतल्या मावशीचा फोन आला. तिच्या टीव्हीसमोर सगळ्या बाया जमल्या होत्या. "लई तळमळून बोलत व्हतीस गं पोरी," ती म्हणाली, "पण नुसतं गाणंच वाजत व्हतं. काय म्हणलीस ते आता सांग की." मी फोन कानाला धरून पहिल्यापासून सांगायला लागले. ती नोकरी सुटली; आता मी पाण्यासाठी बायांच्या सभा घेते, तिथं माइक माझ्याच हातात असतो. तरी बोलता बोलता मी मधेच थांबते आणि समोरच्या बायांना विचारते, ऐकू येतंय ना?