गोजरबाईचं टोपलं

पोरीच्या हातातला मोबाईल हिसकावून घेताना तुम्ही तिला कधी विचारलंत का, की बाई गं, पलीकडं कोण आहे?

नाही विचारलंत. घरोघर हीच गत. पलीकडं कुणीतरी टवाळ पोरगंच असणार, असं आपण आधीच धरून चालतो. गोजरबाईनंही तसंच धरलं होतं.

गोजरबाई पाथर्डी तालुक्यातल्या बोरदऱ्याची. उमेदीची सगळी वर्षं तिनं नवऱ्याबरोबर ऊस तोडण्यात घालवली. कोयता खाली ठेवला तेव्हा डाव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं झालेलं होतं, पण कोयत्याची सगळी धार तोपर्यंत जिभेवर उतरली होती. बायका गोळा करून तिनं गावातला दारूचा अड्डा मोडला. टँकर आला नाही तेव्हा रस्त्यात आडवी बसली. ग्रामसेवक तिला लांबून बघूनच गाडी वळवायचा. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पण तिच्यासमोर खोटं बोलायचं म्हणजे दोनदा विचार करावा लागे.

बोरदऱ्यात एक रीत आहे. दिवाळी सरली की अर्धं गाव ट्रॅक्टरमध्ये चढतं आणि ऊसतोडीला जातं. शाळेतली लेकरं म्हाताऱ्या माणसांपाशी मागं राहतात. ट्रॅक्टर हलायच्या आधी आई लेकराचा हात धरते आणि गावात राहणाऱ्या एखाद्या खमक्या बाईच्या हातात देते. त्याला ‘हात देणं’ म्हणतात. एकदा हात दिला की टोळी परत येईपर्यंत त्या बाईनं त्या लेकराची आई व्हायचं. हात देताना आई एकच गोष्ट सांगते, लेकराला काय लागतं ती. कुणाच्या पोराला दुधाशिवाय झोप येत नाही, कुणाची पोरगी विजेला भिते. ज्या बाईच्या हातात जास्त हात, तिची गावात पत मोठी. आणि गोजरबाईच्या हातात नेहमीच सगळ्यात जास्त हात असायचे.

त्या दिवाळीनंतर शेजारच्या द्वारकानं आपल्या सृष्टीचा हात तिच्या हातात दिला. पोरगी सातवीतली. घरात फक्त बहिरा आजा, आदिनाथबुवा.

“आत्याबाई, हिला बाकी काय लागत न्हाई,” द्वारका म्हणाली. “सांजच्याला तेवढं माझ्याशी बोललं पायजे. मोबाईल ठिवलाय तिच्यापाशी.”

“बोलंल की. त्यात काय एवढं?” गोजरबाई म्हणाली. “आमी गेल्तो तवा कुठं हुते मोबाईल? चैतात पाडव्याला परत आले तर धाकट्यानं मला वळखलं न्हवतं. मावशी म्हनला मला.”

सगळे हसले. द्वारकाचा नवरा कानिफनाथ ट्रॅक्टरवरून ओरडला, “आत्या, पोरगी बिघडली तर तुमच्या नावानं बोंब मारीन बरं का!”

“मार की! गोजरीच्या हाताखालची पोरगी बिघडायची म्हंजे सूर्य मावळतीला उगवायचा.”

ट्रॅक्टर गेला.

पुढं पंधरवड्यातच शेजारच्या गावातली एक पोरगी मोबाईलवर ओळख झालेल्या पोराबरोबर निघून गेली. आगीसारखी बातमी पसरली. बोरदऱ्यात पारावर सभा भरली. माणसं नुसतीच तंबाखू मळत बसली होती, तेव्हा गोजरबाई उठली.

“तोंडाला कुलपं लावून काय बसलाय? आजपास्नं दिवेलागनीला देवळात घंटा व्हईल. घंटा झाली की पोराटोरांचे मोबाईल माझ्या टोपल्यात. जेवनं उरकली की परत.”

“कॉलेजच्या पोरांचं काय, आक्का?” कुणीतरी विचारलं.

“त्यांचं अभ्यासाचं असतंय. पोरी आन् बारकी पोरं, एवढ्यांचेच.”

असं म्हणताना तिच्या डोळ्यासमोर करण होता. करण तिचा नातू, थोरल्या मुलाचा. आई-बाप पुण्याला कंपनीत, आणि हा आजीपाशी राहून पोलीस भरतीची तयारी करत होता. ‘तयारी’ म्हणजे सकाळी पळायचं आणि उरलेला दिवस मोबाईलवर अंगठा पळवायचा. पण नातू तो नातू. आपल्या घरातल्या पोराला आपण कधी टोपल्यात टाकतो का?

टोपलं फिरायला लागलं. दिवेलागणीला घंटा व्हायची, गोजरबाई दारोदार जायची, मोबाईल टोपल्यात ठेवून वर जुनं लुगडं झाकायची. पेपरवाल्यानं येऊन फोटो काढला. टोपलं डोक्यावर घेतलेली गोजरबाई पेपरात आली. तिनं तो कागद काचेत बसवून भिंतीवर लावला. तालुक्यातून माणसं बघायला येऊ लागली. दोन-चार गावांनी तिला भाषणाला नेलं. बाईचे पाय जमिनीला लागेनात.

सृष्टीनं पहिल्या दिवशी निमूट मोबाईल दिला. दुसऱ्या दिवशी दाराशी घुटमळली.

“आजी, माझा तेवढा ऱ्हाऊ दे ना. आईचा फोन येतो आत्ता.”

“दिवसा बोल.”

“दिवसा मी शाळंत असते. आई फडात असती, तिचा मोबाईल कोपीत असतो.”

“मंग रातच्याला बोल. टोपलं परत आल्यावर.”

“तवर ती झोपती गं. पहाटंच्या अंधारात उठावं लागतं तिला.”

“नियम म्हंजे नियम! तुज्या एकटीपायी वाकवला तर उद्या समदं गाव रांग लावंल.”

पोरीनं मोबाईल टोपल्यात ठेवला. आता सांगा, हे गोजरबाईला ठाऊक नव्हतं का? ऊसतोडीची बाई फडातून कधी कोपीवर, आपल्या पाचटाच्या झोपडीत येते, कधी भाकरी थापते, कधी पाठ टेकते, हे तिच्याइतकं गावात कुणाला कळत होतं? ती स्वतः तेच आयुष्य जगली होती. पण टोपलं डोक्यावर आलं आणि डोक्यातलं सगळं त्याच्याखाली दबून गेलं. ज्या घटकेला पोरीची आई मोकळी व्हायची, नेमक्या त्याच घटकेला गोजरबाई पोरीचा मोबाईल झाकून ठेवत होती.

सृष्टीनं मग आपली वाट काढली. शाळेत जायच्या आधी ती स्टेटस टाकायची. सकाळी टाकलेलं संध्याकाळी द्वारकाला दिसायचं. आज वेणी अशी घातली. आजची भाकरी फुगली. कोंबडीची पिल्लं बाहेर निघाली. आज्याचं धोतर मी धुतलं. तळावर कोपीपुढं बसून द्वारका ते बघायची आणि टोळीतल्या बायकांना दाखवायची, “बघा, माझ्या सृष्टीची भाकरी.”

जाताना द्वारका म्हणाली होती, पेटीतल्या लग्नाच्या साडीला कधीतरी वारा लाव, कसर लागंल. एका रविवारी सृष्टीनं साडी काढली, अंगाभोवती गुंडाळली आणि उभा मोबाईल खापराला टेकवून अंगणात दोन गिरक्या घेतल्या. साडी धड आहे, कुठं भोक पडलेलं नाही, हे आईला चहूबाजूंनी दिसावं म्हणून. तेही तिनं स्टेटसला टाकलं.

दुपारपर्यंत तोच व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला. पण आता त्याच्यावर एक घाणेरडं गाणं चढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘बोरदऱ्याची नाची’. माणसांनी बघितला, पुढं पाठवला, पुन्हा बघितला आणि वर म्हणाली, काय दिवस आलेत! शाळेच्या पोरांच्या ग्रुपात गेला. बाहेरगावी गेला.

पोरगी कोण ते सगळ्यांनी विचारलं. गाणं कुणी लावलं, ते एकानंही विचारलं नाही.

गोजरबाई तडक सृष्टीच्या दारात. दंडाला धरून तिनं तिला पारावर आणलं. माणसं होतीच जमलेली.

“ह्याच्यासाठी मोबाईल पायजे हुता व्हय तुला? आय उसात मरतीया, आन् हितं साड्या नेसून नाचतीस?”

“आजी, मी न्हाई नाचले. आईला साडी...”

“चूप! वर तोंड करून बोलतीस?”

आणि तिनं तो मोबाईल पाराच्या दगडावर आपटला. काच उडाली. कुणीतरी टाळी वाजवली. सृष्टी रडली नाही. खाली बसून तिनं मोबाईलचे तुकडे ओच्यात गोळा केले आणि घरी गेली.

गोजरबाईनं कानिफनाथाला फोन लावला. “पोरगी हाताबाहेर चाललीया बाबा. माझ्या नावाला काळं लागायच्या आत घिऊन जा.” कानिफनाथ जीप धरून आला, मान खाली घालून पोरीला घेऊन गेला. सातवीतल्या पोरीचं दप्तर खुंटीला तसंच राहिलं.

दोन-तीन दिवसांनी करण जेवायला बसला होता. मोबाईल बघून एकटाच खिदळत होता. गोजरबाईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, “काय एवढं?”

“काय न्हाई गं. सृष्टीच्या त्या व्हिडिओला लोक काय काय लिहितेत.”

“तुला कुठनं घावला त्यो?”

“घावला म्हंजे? तिच्या स्टेटसला हुता. नुसतीच गिरकी हुती, मजा येत न्हवती. मी गाणं लावलं फक्त.” आणि आजीचा चेहरा बघून तो म्हणाला, “गंमत गं आजी! त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं. द्वारकाला तीही हेच म्हणाली होती.

तव्यावरची भाकरी करपली. गोजरबाईला त्याच पावली पारावर जायला हवं होतं. अड्डा मोडणारी बाई ती, तिला पार किती लांब होता? पण नातवाची भरती तोंडावर होती. त्याचं नाव चौकीत गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर भिंतीवर काचेत तो फोटो होता. संध्याकाळी घंटा झाली. गोजरबाईनं टोपलं उचललं आणि रोजच्यासारखी फिरली. त्या दिवशी ते फार जड लागलं म्हणतात.

संक्रांत झाल्यावर तिला राहवेना. तिळाचे लाडू फडक्यात बांधून ती एसटीनं निघाली आणि नेवाशाच्या पुढं एका कारखान्याच्या तळावर जाऊन विचारत विचारत फडावर पोचली. सृष्टी डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढत होती. हाताला चिंध्या बांधलेल्या. उसाच्या पाचटानं गाल चिरलेला.

द्वारका तोंड वाकडं न करता म्हणाली, “बसा आत्याबाई. दमला असाल.” तिनं बांधावरच्या तीन दगडांच्या चुलीवर गुळाचा चहा ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर गोजरबाईला बरं वाटलं असतं.

“द्वारके, पोरीला न्यायला आले. शाळा बुडतीया. नवा मोबाईल मी घिऊन दीन, तिचा मोबाईल टोपल्यात घेनार न्हाई.” मग चहा हातात तसाच धरून ती म्हणाली, “ते गाणं... आमच्या करणनं लावलं हुतं.”

द्वारकानं चुलीतलं पाचट सारखं केलं. “कधी कळलं तुमास्नी?”

“तवाच. ती इकडं आल्यावर.”

“आन् आज सांगताय? हितं, फडात? हितं कोन ऐकनार हाय तुमचं, ऊस?”

तेवढ्यात सृष्टी पाणी प्यायला आली. गोजरबाईनं लाडू पुढं केला. तिनं घेतला, पायाही पडली.

“चल बाळा, घरी. शाळेत जायाचं ना?”

“शाळेच्या ग्रुपात त्यो व्हिडिओ हाय अजून, आजी. पारावर सांगशील का, मी नाचत न्हवते म्हनून? कुनी केलं ते सांगशील? मंग येते.”

गोजरबाईनं मान खाली घातली. “करणची भरती हाय गं बाळा. तेवढी हुं दे. मंग सांगते.”

पोरीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, “असू दे. हितं बरं हाय. हितं आई रोज दिसती.” आणि मोळीकडं गेली.

करणची भरती झाली नाही, धावण्यातच बाहेर पडला. पाडव्याला टोळी परतली तेव्हा गोजरबाई पारावर उभी राहिली आणि सगळ्यांसमोर सगळं बोलली. पोरगी आईला साडी दाखवत होती. गाणं माझ्या नातवानं लावलं. मला ठाऊक होतं, मी लपवलं. करण आठवडाभर घरी जेवला नाही. माणसांनी ऐकलं, माना हलवल्या. जे बोलायला पौषात हवं होतं ते चैत्रात बोललं, की त्याचा उपयोग तेवढाच. शाळेतल्या बाईंनी घरी येऊन समजावलं, दप्तर खुंटीवरून काढून झटकलं. सृष्टीनं नुसती नकाराची मान हलवली. तिचा हात आता कोयत्याला बसला होता.

पुढच्या दिवाळीनंतर ट्रॅक्टर पुन्हा पारापाशी उभा राहिला. सृष्टी कुणी न सांगता आपली पिशवी घेऊन वर चढली. बायका लेकरांचे हात धरून इकडं तिकडं बघत होत्या. गोजरबाई नेहमीच्या जागी उभी होती. एक आई तिच्यापर्यंत आली, थबकली आणि आपल्या पोराला घेऊन पलीकडच्या बाईकडं गेली. मग दुसरीही तशीच गेली. ट्रॅक्टर हलला तेव्हा वाकड्या बोटाचा तो हात पदराखाली होता, आणि त्यात कुणाचाच हात नव्हता.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. आज घरी गेल्यावर पोरीचा मोबाईल हिसकावू नका. तिच्याशेजारी जमिनीवर बसा आणि विचारा, हे तू कुणाला दाखवतेस? ती बोलेपर्यंत उठू नका. आणि मग पोराच्या शेजारी जाऊन बसा, त्यालाही विचारा.