बगळ्याचे पाय

हागिवारा तोकी चित्रकार आहे, हे ताकादा गावात कुणी नाकारलं नसतं. फक्त ते कुणाच्या लक्षात नसायचं. सार्वजनिक न्हाणीघरात बायका तिला ओळखायच्या त्या वर्तमानपत्रातल्या लेखांमुळे.

"बाई, परवाचं ते मुळ्याच्या लोणच्याचं वाचलं हो. आमच्या सासूबाई रडल्या. त्या बाईच्या डोळ्यात पाणी म्हणजे नवलच!"

तोकी खांद्यावर गरम पाणी ओतत मान हलवायची. लेखाशेजारी मुळ्याचं चित्रही होतं. त्यावर कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

लेखांची सुरुवात एका रिकाम्या जागेपासून झाली. लढाई संपल्यानंतरच्या शरदात गावच्या वर्तमानपत्राने तिचं एक रेखाटन घेतलं. सगळी फळं उतरवून झाल्यावर पाखरांसाठी शेंड्यावर एकच केशरी फळ ठेवलेलं झाड. खाली थोडी जागा उरली. संपादक माकिता म्हणाला, "तोकीबाई, चार ओळी खरडा ना. ओकंबोकं दिसतंय." तिने खरडल्या. पुढच्या खेपेला त्याने आणखी थोड्या मागितल्या. लेख वाढत गेला आणि चित्र आक्रसत गेलं, शेवटी पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं.

"चित्र जरा मोठं नाही का छापता येणार?" तिने एकदा विचारलं.

"येईल की! मग लेख कुठे छापू, माझ्या टकलावर?"

ती हसली. घरात तिचा नवरा, रेइजी, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला होता, आणि लेखांवर चूल पेटत होती.

तशात गावाबाहेरच्या देवळाने तिला दिवाणखान्याची सरकती कागदी दारं रंगवायला दिली. अशा कामाची तिने तरुणपणापासून वाट पाहिली होती. कागद जातो, वर्तमानपत्रात मासळी बांधली जाते. देवळाची दारं राहतात. तिने बर्फाने भरलेलं भातशेत काढायचं ठरवलं आणि त्यात एकच बगळा. पांढऱ्यावर पांढरा. बगळा दिसायचा तो केवळ थरांच्या जाडीतून, सकाळच्या तिरप्या उजेडात.

हे पांढरं म्हणजे शिंपल्यांची पूड. ती रेइजी खलायचा. उशीला टेकून, खल पोटाशी धरून, खोकला आला की थांबून. "मी मेलो तरी या बगळ्याच्या पोटात असेन," तो म्हणायचा. "अंडं झालात तर बघू," ती म्हणायची. पूड कागदाला धरून ठेवतो तो कातड्यापासून काढलेला सरस. कांड्या रात्रभर भिजवायच्या आणि गरम पाण्यात भांडं ठेवून हळूहळू विरघळवायच्या. उकळी आली की सरसाचा जीव जातो. हे तिला शिकाऊपणीच, हातावर पट्टी खाऊन, कळलं होतं. लढाईनंतर सरस मिळत नव्हता. तिच्या गुरूंनी मरताना दिलेल्या मूठभर कांड्या तिने बगळ्यासाठी जपून ठेवल्या होत्या.

त्या शेवटच्या कांड्या शेगडीवर होत्या तेव्हा माकिता गुडघाभर बर्फ तुडवत आला. "लेख झाला?"

"शेवटचा परिच्छेद राहिलाय."

"मग बसतो मी. तुमचं चालू द्या."

तो उंबऱ्यात बसून मोज्यांतून पाणी पिळत राहिला. तोकी लिहायला बसली. लेख रेइजीच्या खोकल्यावर होता; पहाटे बर्फाने सगळं गाव मुकं होतं तेव्हा तो खोकला कसा ऐकू येतो, यावर. तिला एक शब्द सापडत नव्हता.

"तोकी, सरस," अंथरुणातून रेइजी म्हणाला.

"हो हो. एवढी ओळ."

"अगं, सरस..." आणि त्याला ढास लागली. ती कान देऊन ऐकत राहिली, कारण तिला नेमकं त्याचंच वर्णन करायचं होतं. शब्द सापडला. तिने मान वर केली तेव्हा भांड्याखालचं पाणी आटलं होतं आणि सरसावर बुडबुडे फुटत होते.

माकिता लेख घेऊन गेल्यावर तिने सरसाचा थेंब दोन बोटांत चोळला. बोटं चिकटली नाहीत, घसरली.

"फेकून दे," रेइजी म्हणाला.

"अहो, दुसरा कुठून आणू?"

रेइजीने खल पुन्हा पोटाशी ओढला. बगळा तिने त्याच सरसात रंगवला. दारं बसवली तेव्हा रेइजी नव्हता. बर्फ वितळायच्या आधीच गेला.

काही वर्षं काहीच झालं नाही. तोकीला वाटू लागलं, निभावलं. मग एका वसंतात देवळाचे पुजारी, गेन्शू महाराज, यांचा निरोप आला. त्यांच्या बायकोला, ओकुनीला, रोज झाडताना चटईवर पांढरी पूड सापडत होती. तोकी गेली. बगळ्याच्या छातीचे पोपडे सुटले होते. महाराज हळवे होऊन म्हणाले, "बघा, तुमचं बर्फ वितळायला लागलं." तिने सरसाचा विषय काढला नाही. घरी आली तर माकिता लेखाला खोळंबलेला. दुसरं काही सुचेना, तेव्हा तिने महाराजांचंच वाक्य घेऊन लिहिलं: एका देवळात कागदावरचं बर्फ दर वसंतात थोडं थोडं वितळतं.

तिच्या हातून इतकं चांगलं कधीच लिहून झालं नव्हतं. ते तिचं तिलाही कळलं.

तो लेख तोक्योच्या मासिकाने पुन्हा छापला. लोक आगगाडीने बर्फ वितळताना पाहायला येऊ लागले. महाराजांनी बाक टाकला, ओकुनी चहा देऊ लागली. तोकीचं पुस्तक निघालं. त्यात चित्र एकही नव्हतं.

केस पिकल्यावर, एका वसंतात, तिने चांगला सरस मिळवला. रात्रभर भिजवला, शेजारी बसून विरघळवला, त्यात शिंपल्यांची पूड मळली, तो गोळा बशीवर आपटून आपटून मऊ केला. बशीवर ओलं फडकं घालून ती देवळात गेली.

"दुरुस्ती?" महाराज दचकले. "अहो बाई, लोक काय म्हणतील! माणसं इतक्या लांबून येतात ती हे बघायलाच ना?"

"महाराज, सरस उकळला होता. माझं लक्ष नव्हतं. ते वितळणं वगैरे काही नाही. नुसते पोपडे आहेत."

महाराजांचे डोळे भरून आले. "हे लिहा, बाई. अगदी असंच लिहा."

तिने बशी खाली ठेवली. "पडलेली पूड तरी ठेवलीये का कुठे?"

"पूड? ती कोण ठेवतंय?" ओकुनी म्हणाली. "कमेलियाच्या बुंध्याशी टाकते. झाड काय फोफावलंय म्हणता!"

तोकी दारापाशी गेली. बगळा उरलाच नव्हता. पाय आणि चोच शाईची होती, म्हणून तेवढी शाबूत होती. दोन बारीक काळे पाय कशाचंही ओझं नसताना उभे होते. वर रेइजीने खललेला एक पोपडा कडेने सुटून लोंबत होता. तिने हात पुढे केला, त्याला नुसता टेकवून धरायला. मागे बाकावर कुणीतरी कुजबुजलं, "शू! बघ, बघ, आता पडेल."

तिने हात मागे घेतला. पोपडा पडला. बाकावरून समाधानाचा उसासा ऐकू आला.

घरी पोचेपर्यंत बशीतलं पांढरं आवळून आलं होतं. सकाळी ते दगडासारखं झालं, त्याला तडे गेले. माकिता आता काठी टेकत यायचा. तो येऊन उंबऱ्यात बसला. "काय मग, तोकीबाई? देवळात गेला होतात म्हणे. काही सुचलं?"

"सुचलं," ती म्हणाली.

दारातून वारा येत होता. कागद उडू नयेत म्हणून तिने ती बशी त्यांच्यावर ठेवली आणि लिहायला घेतलं.