दोनशे दहा आणि आठशे नव्वद

हार्ट अटॅकला दोन महिने झाले तेव्हा डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली. हृदयाला रक्त पुढे ढकलणे जड जाऊ लागले की एक द्रव्य रक्तात वाढते, त्याचा आकडा बघायचा होता. दवाखान्यात असताना तो दोनशे दहा होता. शनिवारी कसबा बावड्यातल्या लॅबमधून कागद हातात आला, त्यावर आठशे नव्वद. म्हणजे चौपटीहून जास्त.

घरात मी एकटाच होतो. मुलीचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे व्हायचे, पण माझ्या दुखण्यामुळे ती पुण्यातच राहिली आणि बायको तिकडे गेली. दिवस भरत आले होते. मी आकडा सांगितला असता तर बायको तिला तशीच सोडून पहिल्या एसटीने निघाली असती. संध्याकाळी तिचा फोन आला.

"रिपोर्ट आला का?"

"सोमवारी देतो म्हणालेत."

"आणि जिना?"

"चढतोय की."

खरे तर चौदा पायऱ्यांपैकी नवव्या पायरीवर मी थांबत होतो. आधीही थांबायचो, पण आता किती वेळ थांबतो ते घड्याळात बघू लागलो. रविवारी सकाळी वजन केले, दुपारी पुन्हा केले. घोट्याजवळ बोट दाबून खड्डा पडतो का पाहिले. विम्याचे आणि घराचे कागद एका पिशवीत घालून बायकोला सापडतील असे कपाटात पुढे ठेवले. शेजारी मटण शिजत होते. मी अळणी आमटी गरम केली आणि ओट्यापाशी उभ्यानेच जेवलो.

सोमवारी डॉक्टरांना आकडा चौपट झाल्याचे सांगितले. त्यांनी छाती आणि पाय तपासले. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ते हसले.

"काका, तुम्ही साखर कारखान्यात वजनकाट्यावर ना?"

"पंचवीस वर्षं."

"मग टन आणि क्विंटल एका रांगेत कसे मांडलेत? या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. लॅबवाल्यांच्या तपासणीचा आकडा मुळातच मोठा येतो. छातीत पाणी नाही, पायाला सूज नाही. महिन्याने याच लॅबमध्ये पुन्हा करा, मग तुलना करू."

तपासण्यांची नावे दोन्ही कागदांवर स्वच्छ छापलेली होती. मी फक्त आकडे वाचले होते.

संध्याकाळी बायकोला सांगितले, रिपोर्ट चांगला आला.

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "उगंच काळजी करत बसला न्हाईसा न्हवं?"

"न्हाई."

मागून मुलीने हाक मारली आणि बायकोने फोन ठेवला.